सेगोविया–पेद्राथा–तुरेगानो सायकल लूप: लोक सारखं सारखं विचारतात ते प्रश्न

स्पेनमध्ये रोड सायकल चालवायची म्हटलं की मेसेज येतात ते मायोर्का नाहीतर जिरोनाबद्दल. ती ठिकाणं चांगली आहेतच, पण जुनी गावं, किल्ले, मेंढरांच्या वाटा, रिकामे रस्ते आणि पाय मोडणार नाहीत इतपतच चढ असं सगळं एका दिवसात पाहिजे असेल तर मी माद्रिदच्या वरचं सेगोविया सांगतो. त्यावर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

नेमका रूट काय आहे?

सेगोवियातून निघायचं, ईशान्येला तोर्रेकाबायेरोस, मग एन-११० या रस्त्याने सोतोसाल्बोस, कोयादो एर्मोसो, ला साल्सेदा. तिथून मुख्य रस्ता सोडून डावीकडे तोर्रे वाल आणि ला बेलिया करत पेद्राथा. पेद्राथाहून पश्चिमेला मुन्योबेरोसवरून तुरेगानो आणि तुरेगानोहून दक्षिणेला पिरोन नदीचं खोरं ओलांडून परत सेगोविया. साधारण ९५ किमी होतात. सुरुवातीला ला ग्रांखाचा राजवाडा जोडला तर १०५ च्या आसपास.

ग्वादार्रामा डोंगररांग पहिला अर्धा भाग तुमच्या उजव्या हाताला राहते, जूनच्या सुरुवातीलाही वर कुठेतरी बर्फाचा एखादा पट्टा दिसू शकतो, आणि नंतर तुम्ही डोंगराला पाठ करून गव्हाच्या शेतात आणि पुढे पाईनच्या जंगलाच्या कडेला उतरता. म्हणजे एकाच राईडमध्ये दोन वेगळे प्रदेश, हेच मला या लूपचं सगळ्यात जास्त आवडतं.

मॉडरेट म्हणजे किती मॉडरेट? मला जमेल का?

एकूण चढ हजार मीटरच्या आसपास, पण एकगठ्ठा नाही. सेगोविया शहरच हजार मीटर उंचीवर आहे, एन-११० त्याच्या थोडा वर राहतो, तुरेगानो थोडं खाली, त्यामुळे दिवसभर चढ-उतार चढ-उतार असं चालू राहतं. लांबलचक घाट एकही नाही. सिंहगड सायकलवर चढणाऱ्याला इथे घाबरण्यासारखं काहीच नाही, आणि ज्याने कधी १०० किमीची राईड धड पूर्ण केलीये त्याला पण नाही. पेद्राथाच्या वेशीपर्यंतचा चढ छोटा पण टोचणारा आहे, आणि शेवटचे तीसेक किमी तुरेगानोहून परत येताना, वारा समोरून असेल तर, नकाशावर दिसतात त्यापेक्षा बरेच लांब वाटतात.

पण खरं सांगायचं तर या लूपमध्ये लोक अडकतात ते पायांमुळे नाही, घड्याळामुळे. पुढचे दोन प्रश्न त्यामुळे नीट वाचा.

किती वाजता निघायचं? आम्ही पुण्यात पाचला निघतो.

इथे पाचला निघालात तर अंधारात चाचपडाल. स्पेन आपल्या भूगोलाच्या मानाने चुकीच्या टाईम झोनमध्ये आहे, घड्याळ बर्लिनचं आणि सूर्य जवळपास लंडनचा, त्यामुळे जूनमध्येसुद्धा पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तर सकाळचे साडेआठ वाजतात. त्या बदल्यात जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. मेंदूला हे पटायला दोन दिवस लागतात.

मी सुचवतो ते असं: आठला निघा. ताशी वीसच्या आरामशीर वेगाने साडेदहाच्या आत पेद्राथा. तिथे कॉफी आणि तोर्तियाचा (बटाटा-अंड्याच्या जाड ऑम्लेटचा) तुकडा, फिरणं, फोटो. साडेअकराला निघालात की एकच्या आत तुरेगानो, किल्ला बघा, पाणी भरा, आणि तीनच्या सुमारास सेगोवियात जेवायला बसा. उन्हाळ्यात दुपारी तीन ते सहा ऊन सगळ्यात वाईट असतं, तोवर तुम्ही सावलीत ताटासमोर असला पाहिजेत.

दुपारी जेवायला कुठे थांबायचं?

इथेच भारतीय मंडळींचा गोंधळ होतो. आपल्याला साडेबारा-एकला कडकडून भूक लागते आणि इथली किचन दीड-दोनला उघडतात, चारच्या सुमारास बंद होतात, आणि त्यानंतर रात्री साडेआठ-नऊपर्यंत शिजवलेलं जेवण विसरा. दुकानंही साधारण दोन ते पाच बंद, रविवारी तर गावातली बहुतेक बंदच. म्हणजे तुम्ही साडेबाराला पेद्राथात पोचलात आणि म्हणालात इथेच जेवू, तर तासभर नुसतं बसाल, जेवण दोनच्या पुढे येईल, साडेतीनला उठाल, आणि उरलेले ५५ किमी पोट भरलेलं असताना भर उन्हात ओढाल.

म्हणून दोनच पर्याय. एक तर वर सांगितल्यासारखं सकाळी भरपूर खाऊन थेट सेगोवियात उशिरा जेवायचं, किंवा मग उशिराच निघून तुरेगानोच्या चौकात दोनला जेवायचं आणि पाचनंतर परतीला लागायचं. जूनमध्ये हा दुसरा पर्याय मस्त चालतो कारण उजेड भरपूर. मधल्या वेळेसाठी बार असतात. इथला बार म्हणजे दारूचा गुत्ता नाही, गावातल्या आज्यासुद्धा तिथेच कॉफी प्यायला येतात, आणि सकाळी दहाला तिथे सँडविच म्हणजे बोकादियो हमखास मिळतं.

अजून एक, सोमवार-मंगळवार छोट्या गावांतली बरीच हॉटेलं बंद असतात आणि शनिवार-रविवार अख्खं माद्रिद गाडीत बसून पेद्राथाला भाजलेलं कोकरू खायला येतं, टेबल आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही. बुधवार ते शुक्रवार बेस्ट.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

जगेल, पण तयारी करून आला तर. हा सगळा प्रदेश भट्टीत भाजलेल्या मांसाचा, सेगोवियात दुधपितं डुक्कर म्हणजे कोचिनियो, पेद्राथा आणि त्याच्या पुढच्या सेपुल्वेदा गावात दुधपितं कोकरू. ला ग्रांखाची मोठी पांढरी वालासारखी शेंगदाण्या-बिंगदाण्यापेक्षा कितीतरी मोठी बी, खुदिओनेस म्हणतात, तिची उसळ बघून आपल्या तोंडाला पाणी सुटतं पण ती बहुतेक वेळा चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि डुकराच्या कानाबरोबर शिजवलेली असते. सूप मागितलं, सोपा कास्तेयाना, तर लसूण-पावाच्या त्या सुपात हॅम असतं. साध्या मिक्स सॅलडवर टूना टाकून देतात. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको एवढंच सांगितलं तर काही ठिकाणी हॅम येतंच कारण ते त्यांच्या हिशोबात मांसात धरत नाहीत! म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं: सिन खामोन (हॅम नको), सिन चोरिथो, सिन आतून (टूना नको).

अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला, बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते आणि सायकलवाल्याला त्याहून चांगलं इंधन नाही. अंडं नको असेल तर टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या मिरच्या, पिस्तो नावाची भाजी (अंड्याशिवाय मागा), ऑलिव्ह, फळं, बदाम. घरून खाकरा, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की बिनधास्त आणा. पेढे, बर्फी, तूप आणू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.

गोडात सेगोवियाचा पोंचे नावाचा केक, वर मार्झिपॅन आणि त्यावर गरम सळईने जाळलेली जाळी. राईड संपल्यावरच खा.

वाटेत बघण्यासारखं काय आहे, का नुसतेच किलोमीटर?

बघण्यासारखं इतकं आहे की उलट सगळं बघत बसाल तर लूप पूर्ण होणार नाही.

सेगोवियाचा रोमन जलसेतू तर सगळ्यांना माहीतच असतो, चुना न वापरता नुसत्या ग्रॅनाईटच्या दगडांवर उभा, सगळ्यात उंच भाग २८ मीटरच्या वर. ग्वादार्रामाचं पाणी तो शहरात आणायचा. म्हणजे दिवसभर जो डोंगर तुमच्या बाजूला असतो तिथूनच हे शहर पाणी प्यायचं. जुनं शहर आणि हा सेतू १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. इसाबेल राणीला १३ डिसेंबर १४७४ रोजी याच शहरात कास्तिलची राणी म्हणून जाहीर केलं. शहर आदल्या दिवशी बघून टाका, राईडच्या दिवशी नको.

तोर्रेकाबायेरोसपासून पुढे एन-११० च्या आसपास एक फार जुनी वाट जाते, कान्यादा रेआल सोरियाना ओक्सिदेंताल. मेरिनो मेंढ्यांचे कळप उन्हाळ्यात डोंगराकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या गवताकडे न्यायचे, त्यासाठी राजानेच राखून ठेवलेले हे रुंद पट्टे, त्यात नांगर घालायला बंदी. लोकर कातरायची मोठमोठी घरं या भागात होती, काहींच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, आणि त्या लोकरीवर सेगोवियाचा कापड धंदा चालायचा. आपल्याकडे धनगरांचे वाडे पावसाळा आला की जागा बदलतात ते पाहिलेलं असेल तर हा नकाशा लगेच डोक्यात बसतो. तुम्ही ज्या दिशेने पेडल मारताय त्याच पट्ट्यातून शतकानुशतकं मेंढरं चालली आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी तो रस्ता वेगळा वाटायला लागतो.

सोतोसाल्बोसला सान मिगेलचं रोमानेस्क, म्हणजे मध्ययुगीन गोल कमानींच्या शैलीतलं चर्च आहे, बाहेरचा कमानींचा ओटा बघा. दहा मिनिटं पुरे.

पेद्राथाला मात्र वेळ द्या. तटबंदीचं गाव, आत जायला एकच वेस, आणि वेशीला लागूनच जुना तुरुंग. चौकात लाकडी-दगडी खांबांचे ओटे, वर वाकडेतिकडे सज्जे. किल्ल्यात फ्रान्सच्या राजाच्या, पहिल्या फ्रान्सिसच्या, दोन लहान पोरांना ओलीस ठेवलं होतं. राजा १५२५ मध्ये स्पेनशी झालेल्या पाव्हियाच्या लढाईत पकडला गेला, पुढच्या वर्षी तह करून सुटला, आणि हमी म्हणून मुलगे दिले, ते १५३० मध्ये परत गेले. त्यातला धाकटा पुढे दुसरा हेन्री म्हणून फ्रान्सचा राजा झाला. विसाव्या शतकात तो पडका किल्ला चित्रकार इग्नासियो थुलोआगाने विकत घेतला. जुलैत दोन शनिवारी गावात दिवे घालवून हजारो मेणबत्त्या लावतात, बघायला सुंदर, पण त्या दिवशी सायकल घेऊन जायचा विचार सोडा.

तुरेगानोचा किल्ला विचित्र आहे, चर्चच्याच अंगावर किल्ला चढवलाय, बुरुजांच्या मधून घंटेचा मनोरा डोकावतो. स्पेनच्या दुसऱ्या फेलिपे राजाचा सचिव आंतोनियो पेरेस, जो पुढे राजाच्याच विरोधात गेला, तो १५८० च्या दशकात इथे कैदेत होता. गावाच्या आसपास पाईनच्या झाडांना खाच पाडून खाली छोटं मडकं अडकवलेलं दिसेल, ती राळ गोळा करायची पद्धत आहे.

दोन दिवस काढले तर?

मग सेपुल्वेदा घ्या, आणि माझं मत विचाराल तर हाच खरा प्लॅन. पहिल्या दिवशी पेद्राथावरून सेपुल्वेदा, साधारण ६५ किमी, दुसऱ्या दिवशी कांतालेखो आणि तुरेगानो करत परत, सत्तरच्या थोडं वर. रोजचं अंतर कमी झाल्याने जेवणाच्या वेळांचं भांडणच मिटतं.

सेपुल्वेदा दोन नद्यांच्या मधल्या खडकावर बसलंय, उतरताना ब्रेक आणि निघताना मांड्या दोन्ही तापतात. एल साल्वादोर चर्चवर १०९३ साल कोरलेलं आहे. खाली दुरातोन नदीने चुनखडीत खोल दरी कापलीये, तिथे ग्रिफन गिधाडं मोठ्या संख्येने राहतात. भारतात गिधाडं दिसणं किती दुर्मिळ झालंय ते आठवलं की मान वर करून बघतच राहावंसं वाटतं, फक्त सायकल थांबवून बघा. दरीच्या वळणावरच्या सान फ्रूतोसच्या मठाकडे जायचा शेवटचा भाग कच्चा आहे, रोडबाईकला नको, वेगळा अर्धा दिवस काढून जा.

कांतालेखो दिसायला साधं गाव, पण इथले लोक पूर्वी मळणीच्या फळ्या बनवायचे, जाड लाकडी फळी आणि खालून गारगोटीचे धारदार तुकडे ठोकलेले, ती बैलांनी खळ्यावर ओढायची. त्या विकायला गावोगाव फिरायचे आणि बाहेरच्याला कळू नये म्हणून आपसात स्वतःची वेगळी बोली बोलायचे.

नावाथेर्रादाचा घाट पण करू का, आलोच आहे तर?

करा, पण वेगळ्या दिवशी. ला ग्रांखाहून वर साधारण १८६० मीटरपर्यंत पाईनच्या दाट जंगलातून रस्ता जातो, वरच्या भागात सात मोठी वळणं, सिएते रेवुएल्तास, खरी मेहनत तिथे. हा घाट मॉडरेट नाही.

सायकल रेसचं वेड असलेल्यांसाठी: १९८८ चा टूर द फ्रान्स जिंकणारा पेद्रो देल्गादो सेगोवियाचा. १९८५ च्या वुएल्तात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या रेसमध्ये, शेवटून दुसऱ्या दिवशी याच डोंगरातून येऊन त्याने रॉबर्ट मिलरकडून सहा मिनिटांच्या वर फरक भरून काढला आणि अख्खी रेस उलटवली, ती स्टेज सेगोवियाला लागून असलेल्या व्हिस्की कारखान्याशी संपली होती. तुम्ही सकाळी ला ग्रांखाच्या बाजूने निघालात तर त्याच पट्ट्यातून जाता.

माद्रिदहून सायकल घेऊन कसं पोचायचं?

फास्ट ट्रेन चामार्तिन स्टेशनहून सेगोविया-गियोमारला अर्ध्या तासात नेते, पण तिथे सायकल उघडी नेता येत नाही, चाकं काढून बॅगेत घालावी लागते, आणि मापाचे नियम तिकीट काढताना वाचून घ्या. गियोमार स्टेशन शहराबाहेर माळावर आहे, पुढे पाचेक किमी, सिटी बस असते किंवा सायकल तिथेच जोडा. माद्रिदच्या मोंक्लोआहून बस पण आहे, सव्वा तासाच्या आसपास.

ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी लोकल ट्रेनने थेरथेदियापर्यंत यावं, लोकलमध्ये सायकल अख्खी नेता येते, मग नावाथेर्रादा चढून सात वळणं उतरत ला ग्रांखा, सेगोविया. एंट्री अशी घ्यायची तर दुसऱ्या दिवशी सकाळी लूपला निघताना पाय कुरकुरणार.

सायकल भारतातून आणू का भाड्याने घेऊ?

आठवड्याच्या आतली ट्रिप असेल तर माद्रिदमध्ये भाड्याने घ्या, फक्त पेडल आणि सॅडल स्वतःचं आणा. घेताना पहिलं काम ब्रेक तपासायचं, इथे सहसा डावा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींच्या उलट. दुकानदाराला बदलून मागा, किंवा रिकाम्या गल्लीत सराव करा. टायर २८ मिमीचे मागा, पेद्राथा आणि जुन्या सेगोवियातले गोटे बारीक टायरवर दातखिळी बसवतात. मागचा गिअर ३० किंवा ३२ दातांचा असला की बास.

रस्ते आणि नियम?

उजव्या बाजूने चालवायचं, हे तुम्ही विसरणार नाही असं वाटतं, पण थांब्यानंतर पुन्हा निघताना आणि गोल चौकात हमखास विसरायला होतं. गोल चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, तो डावीकडून येतो.

शहराबाहेर हेल्मेट कायद्याने लागतं. गाडीवाल्याने ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण खरंच ठेवतात, मागून हॉर्न न मारता शांतपणे येत राहतात, ही सवय लागली की घरी परतल्यावर त्रास होतो. दोघं शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. कानात इअरफोन चालत नाही. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, तेव्हा जेवणाबरोबरची वाईन शेवटच्या मुक्कामालाच. अपघात किंवा काहीही इमर्जन्सी, नंबर ११२.

कोणता महिना?

मेचा मध्य ते जूनचा शेवट, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. मेमध्ये शेतं हिरवी आणि कडेला लाल खसखशीची फुलं, सप्टेंबरात सगळं पिवळं. उंचीमुळे सकाळी मेमध्येही गार असतं, हातमोजे आणि पातळ जॅकेट ठेवा. जुलै-ऑगस्टला दुपार भाजून काढते आणि कधी डोंगरावरून संध्याकाळी वादळी पाऊस येतो. हिवाळ्यात बर्फ, विचार करू नका.

पाणी मिळतं का?

जवळपास प्रत्येक गावात चौकात नळ किंवा दगडी हौद असतो. पाटी वाचा, "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर प्यायचं नाही. तुरेगानो ते सेगोविया या टप्प्यात गावं विरळ आहेत, दोन्ही बाटल्या तुरेगानोत भरा.

घरचे सायकल चालवणारे नाहीत, त्यांचं काय?

सेगोविया–ला ग्रांखा–तोर्रेकाबायेरोस–सेगोविया असा तीसेक किमीचा छोटा लूप ई-बाईकवर कोणीही करेल. नाहीतर ते गाडीने थेट पेद्राथाला येतील, तुम्ही सायकलने. फक्त त्यांना वेळ नीट सांगा, आणि ला ग्रांखाच्या बागेतली कारंजी ठरावीक दिवशीच सोडतात, ते आधी बघून घ्या म्हणजे कोरडे हौद बघून परत यावं लागणार नाही.

जीपीएक्स फाईल (अ‍ॅपमध्ये टाकायची रूटची फाईल) पाठवता का?

नाही पाठवत, कारण गावांची नावं क्रमाने टाकलीत की कोणत्याही अ‍ॅपवर पाच मिनिटांत रूट तयार होतो. सेटिंगमध्ये रोड सायकल निवडा, नाहीतर अ‍ॅप तुम्हाला मेंढरांच्या वाटेवर नाहीतर शेतातल्या धुळीत घालतं. सेगोवियाभोवतीचा एसजी-२० हा रिंगरोड टाळा, मोठ्या वेगाच्या गाड्यांचा आहे, शहरातून ला लास्त्रियाच्या बाजूने किंवा सान लोरेन्सोच्या बाजूने बाहेर पडा. आणि नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, नदीच्या खोऱ्यांत उतरल्यावर नेटवर्क जातं.